‘मस्त आहे’च्या पुढे काय? एका राय पेल एलची चव सांगताना

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे ना’ थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसं.)

हेडफोन लावलेत ना? चला.

आजचा विषय आहे बिअर, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमच्या राज्यात कायद्याने जे वय लागतं ते झालं नसेल, किंवा तुम्ही पीतच नसाल, तर हा एपिसोड ऐकून सुरू करायची अजिबात गरज नाही. आज बोलायचंय ते चव शब्दांत कशी सांगायची याबद्दल. चहा, ताक, आंबा, कशालाही लागू पडेल असं आहे ते. माझ्यासमोर तेव्हा बिअर होती, म्हणून बिअर.

तर झालं असं.

मी ओरेगनमध्ये राहतो, पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला. इथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे पुण्यातली रविवारची सकाळ, उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक. दर शनिवारी माझा आणि माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचा व्हिडिओ कॉल असतो. चार वर्षं एका खोलीत काढलेला माणूस. मूळचा सिंधुदुर्गातला, आता पुण्यात नोकरीला. आणि आमच्या मजल्यावरचं सगळ्यात तिखट नाक त्याचं होतं. मेसमध्ये आज काय आहे ते हा जिन्यातच सांगायचा. नुसतं ‘उसळ’ असं नाही हां, ‘मटकीची, आणि आज लसूण करपलाय’ असं.

२०२१च्या एप्रिलमध्ये त्याला कोविड झाला आणि वास गेला. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांचा गेला असेल. बहुतेकांचा काही आठवड्यांत परत आला. याचा आला नाही. काही महिन्यांनी आला, तर वाकडा आला. कॉफीला जळक्या रबराचा वास, परतलेल्या कांद्याला सडल्यासारखा. या प्रकाराला पॅरोस्मिया म्हणतात. ज्या माणसाला घरात फोडणी पडली की भूक लागायची, तो फोडणी पडली की गॅलरीत जाऊन उभा राहायला लागला. दोन वर्षं तो दहीभात, काकडी, उकडलेली अंडी असल्याच गोष्टींवर होता. फोनवर मात्र कायम हसत. मला वाटायचं, ठीक आहे गडी.

तर गेल्या जुलैमधला शनिवार. मी पोर्टलंडमधल्या एका छोट्या ब्रूपबच्या बाहेरच्या बाकावर बसलोय. मॅक्स ट्रेनने आलो होतो, म्हणजे गाडी चालवायचा प्रश्न नाही. फोन ग्लासला टेकवून ठेवलेला. हा तिकडे चहा घेऊन बसलाय.

“काय घेतलंस?”

“राय पेल एल.”

“राईची? मोहरीची बिअर करतात तिकडे?”

हसलो आम्ही. राय म्हणजे मोहरी नाही, ते एक धान्य आहे, गव्हाच्या नात्यातलं. आपल्या घरात येत नाही, त्यामुळे त्याला आपल्याकडे रोजचा शब्दच नाही. ते त्याला सांगितलं. मग त्याने विचारलं, “कशी आहे?”

“मस्त आहे रे.”

“मस्त म्हणजे कशी?”

आता माझी पंचाईत. मी फळ्याकडे बघितलं आणि तिथलं वाचून दाखवलं. पाईन, ग्रेपफ्रूट, रेझिन, शेवटी स्पायसी राय.

तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, “पाईन म्हणजे फिनाईल का रे?”

मला आधी विनोद वाटला. पण तो खरंच विचारत होता. आणि प्रश्न चुकीचाही नव्हता, कारण आपल्याकडच्या पांढऱ्या फिनाईलमध्ये पाईन ऑइल असतं. आपण पुण्यात, कोल्हापुरात, कणकवलीत वाढलेली माणसं. पाईनचा वास आपल्याला कुठे भेटला? हॉस्पिटलच्या फरशीवर. मी माझ्या मित्राला सांगत होतो की मी एक ग्लास फिनाईल पितोय आणि ते मस्त आहे.

मग तो म्हणाला, “फळ्यावरचं नको वाचू. माझं नाक बंद आहे, तुझं चालू आहे. मला कळेल असं सांग ना.”

आणि मला सांगता आलं नाही.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला ही भावना ओळखीची होती, फक्त उलट्या बाजूने. एखादा युजर तिकीट टाकतो, ‘ॲप चालत नाहीये’. बास. कुठल्या फोनवर, कुठल्या स्क्रीनवर, काय दाबल्यावर, काही नाही. आम्ही वैतागतो. ‘मस्त आहे’ हे तसंच तिकीट आहे. तो माझा निकाल झाला, निरीक्षण नाही. आणि फळ्यावरचे शब्द वाचून दाखवणं म्हणजे दुसऱ्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट आपला म्हणून जोडणं.

म्हणून ठरवलं, पुढच्या शनिवारपर्यंत अभ्यास करायचा. तोच ग्लास परत घ्यायचा आणि त्याला नीट सांगायचं. तो अभ्यास आता तुम्हाला सांगतो.

जीभ किती आणि नाक किती

आधी एक प्रयोग. बडीशेप घ्या किंवा कॉफी, घरात जे असेल ते. नाक चिमटीत घट्ट धरा आणि तोंडात टाका. गोड लागेल, कडू लागेल. आता नाक सोडा. ‘बडीशेप’ आत्ता आली ना? ती जिभेवर नव्हतीच. तोंडातला वास घशाच्या मागून वर नाकात जातो, आणि आपण त्या सगळ्याला चव म्हणतो.

जिभेला कळतं ते मोजकंच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. आपल्या षड्रसांत तिखट आणि तुरटही आहेत, आणि गंमत म्हणजे ते दोन्ही प्रामुख्याने स्पर्शाचे प्रकार आहेत. मिरची जाळते तो वेदनेच्या नसांचा मामला. कच्ची सुपारी तोंड ओढून घेते तोही स्पर्श. म्हणजे ज्याचं नाक गेलंय त्याच्याकडे काय उरतं? कडू, गोड, आंबट, तिखट, तुरट, थंड, गरम, फसफस, आणि घोट पातळ आहे की दाट. थोडं नाही हे! मी त्याला नेमकं तेच सांगितलं नव्हतं. जे त्याच्याकडे नाही त्याचीच यादी वाचली होती.

हॉप्स: एकाच फुलाची दोन कामं

आता बिअरकडे. बिअरमध्ये चार गोष्टी असतात. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. घरी नाचणीचं सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात ना, तीच पहिली पायरी. बिअरमध्ये ते धान्य बहुतेक वेळा जव, म्हणजे बार्ली.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. हिरवी, कागदी, छोट्या कणसासारखी. फूल उलगडलं की आत पिवळी पूड दिसते, सगळी करामत तिच्यात. पोर्टलंडहून आय-५ हायवेने दक्षिणेला निघालात की विलामेट खोऱ्यात या वेलींची शेतं दिसतात. आपल्या द्राक्षाच्या मांडवासारखे खांब आणि तारा, पण उंची दुमजली घराएवढी. ऑगस्टच्या शेवटी काढणी सुरू होते.

त्या पिवळ्या पुडीत अल्फा ॲसिड्स असतात. ती रसाबरोबर तासभर उकळली की त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा ॲसिड्स होतात, आणि ती कडू लागतात. पण त्याच पुडीत सुगंधी तेलंही असतात, आणि ती तासभर उकळली की उडून जातात. मग करतात काय? थोडे हॉप्स सुरुवातीला टाकायचे, कडूपणासाठी. थोडे अगदी शेवटी, वासासाठी. आणि काही तर बिअर थंड झाल्यावर नुसते भिजत घालायचे, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आपण मोहरी-जिरं आधी टाकतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. तोच हिशोब.

म्हणजे ‘हॉपी बिअर’ हे वर्णन अर्धवट आहे. हॉपी म्हणजे कडू की हॉपी म्हणजे सुगंधी? एक जिभेवर, एक नाकात. माझ्या मित्राला पहिलं पूर्ण कळतं आणि दुसरं शून्य.

कडूपणा मोजायचं एकक आहे आयबीयू. ढोबळमानाने १ आयबीयू म्हणजे १ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा ॲसिड. अमेरिकन पेल एल साधारण ३० ते ५०च्या मध्ये असते. पण हा आकडा फक्त कडूपणाचा. माल्टचा गोडवा जास्त असेल तर ४० सुद्धा मवाळ लागतं. कारल्यात गूळ घातल्यासारखं.

पाईन आणि ग्रेपफ्रूट आले कुठून

पेल एल मूळची इंग्लंडची. तिथल्या हॉप्सचा वास मातकट, गवती. मग अमेरिकेत १९७२ साली कॅस्केड नावाचं हॉप्सचं वाण आलं, इथेच ओरेगनमध्ये तयार केलेलं. त्याला संत्र्या-मोसंबीच्या कुळातला झणझणीत वास. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सिएरा नेवाडा ही ब्रूअरी सुरू झाली. तिच्या पेल एलमध्ये कॅस्केड होतं, आणि अमेरिकन पेल एल म्हणजे हा वास, असं लोकांच्या डोक्यात बसलं.

आता ‘पाईन’. मी या शब्दावर खूप चिडलो होतो. मग त्या आठवड्यात पोर्टलंडच्या फॉरेस्ट पार्कमध्ये चालायला गेलो. रात्री पाऊस पडून गेलेला. सगळीकडे डग्लस फरची झाडं, पायाखाली सुया. एक कोवळं टोक तोडून बोटांत चुरगळलं आणि थांबलो. अरे, ग्लासातला तो वास हाच होता! फिनाईलचा टोचणारा भाग नाही, त्याच्या मागचा हिरवा, चिकट, गोडसर भाग.

तेव्हा मला कळलं की फळ्यावर लिहिणारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरामागे हे झाड आहे. त्याच्या नाश्त्याला अर्धं ग्रेपफ्रूट असतं. त्याने त्याच्या आठवणीतून लिहिलं आणि त्याच्या शेजाऱ्याला ते लगेच कळलं. चूक माझी होती, मी त्याची आठवण उचलून माझ्या मित्राला पाठवली.

मग ग्रेपफ्रूट शोधलं. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ आहे. पपनस! आमच्या या कोकण्याच्या परसात पपनसाचं झाड आहे. तो त्याला तोरिंजन म्हणतो. गणपतीत माटवीला टांगतात. म्हणजे हा शब्द माझ्याकडेही होता आणि त्याच्याकडेही, आणि आम्ही दोघं इंग्रजी फळ्याकडे बघत बसलो होतो.

रायचं काय?

रायच्या दाण्याला जवासारखं टरफल नसतं, आणि त्यात चिकट तंतुमय पदार्थ बरेच असतात. त्यामुळे ब्रूअरला राय म्हणजे डोकेदुखी. गरम पाण्यात भिजवलं की खळ तयार होते आणि रस गाळून खाली उतरतच नाही. म्हणून पेल एलमध्ये राय थोडीच घालतात, साधारण दहा ते वीस टक्के, आणि रस वाहावा म्हणून कधीकधी भाताची टरफलं मिसळतात. पण जो चिकटपणा तिथे त्रास देतो, तोच ग्लासात घोटाला एक गुळगुळीत वजन देतो. फेसही छान टिकतो.

आता बघा, हा स्पर्श आहे. याला नाक लागत नाही.

आणि एक गंमत. राय बिअरच्या वर्णनात बरेचदा ‘कॅरावे’ लिहिलेलं असतं, म्हणजे आपलं शहाजिरं. रायच्या दाण्यात शहाजिरं कुठून आलं? तर अमेरिकेत राय ब्रेडमध्ये कॅरावे घालतात. लहानपणापासून तो ब्रेड खाल्लेल्या माणसाला राय म्हटलं की शहाजिरं आठवतं, आणि मग ते बिअरमध्येही सापडतं. म्हणजे जीभ आठवणीला विचारून उत्तर देते. आपण नवशिके असलो तर फळ्याला विचारून देते.

दुसरा शनिवार

तोच बाक, तीच बिअर. या वेळी फळ्याकडे पाठ करून बसलो. काही नियम ठरवले होते, तुम्हीही वापरू शकता.

एक, बर्फासारखी थंड प्यायची नाही. फार थंडीत वास बाहेर येत नाही आणि जीभ सुन्न होते. पेल एलला साधारण ७ ते १० अंश ठीक. गोठवलेला ग्लास आला तर साधा मागा.

दोन, पिण्याआधी वास. छोटे छोटे हुंगे, एक लांब श्वास नाही. नाक पटकन सरावतं, मग काही कळत नाही. मध्ये स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घ्या, नाक परत ताजं होतं.

तीन, घोट गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. मघाशी म्हटलं ना मागचा रस्ता, तो हा.

चार, गिळल्यानंतर थांबा. मी मनात वीस आकडे मोजतो. कडू कधी आलं, कधी गेलं.

पाच, ‘छान’, ‘मस्त’, ‘बेकार’ हे शब्द शेवटच्या वाक्यापर्यंत बंद.

आणि मग मी त्याला सांगितलं. तेच तुम्हाला सांगतो, वहीत लिहिलेलं आहे.

“रंग कोऱ्या चहाचा, पण उजेडासमोर धरलेला. वर फेस दोन बोटं, पांढरा नाही, सायीच्या रंगाचा. बसता बसत नाहीये.

“पहिला घोट. आधी किंचित गोड. साखरेचा गोड नाही, भाकरीचा तुकडा खूप वेळ चावला की येतो तसा. लगेच फसफस, पण सोड्यासारखी टोचत नाही, बारीक आहे.

“मग वजन. तुझी आई पेज करते ना, त्याच्या वरचं पाणी. पाण्यापेक्षा दाट, दुधापेक्षा पातळ, आणि जिभेवरून घसरत जातं. ही राय.

“आता कडू. कारल्यासारखं नाही, कारलं तोंडात गेल्या गेल्या दार वाजवतं. हे मेथीच्या भाजीसारखं. पाच मोजेपर्यंत काही नाही, मग येतं, आणि पंधरापर्यंत राहतं. नंतर तोंड कोरडं पडतं, चहा जरा जास्त उकळला की पडतं तेवढंच. म्हणून परत घोट घ्यावासा वाटतो.

“मिरीसारखा चटका आहे असं लोक म्हणतात. मी शोधला. मला थोडासा वाटला, पण खरं सांगू? मला तो आहे हे आधीच माहीत होतं, म्हणून वाटला असेल.”

तो मध्ये काही बोलला नाही. मग म्हणाला, “पेजेचं कळलं. मेथीचं एकदम कळलं. आता वास सांग.”

मी म्हटलं, “नक्की?”

“सांग ना.”

“तोरिंजन. फोडी नाहीत, साल. नखाने ओरबाडल्यावर येतो तो. आणि त्याच्या खाली, कैरीचं देठ मोडलं की जो चीक येतो ना, तो. हे लोक त्याला रेझिन म्हणतात.” हे मी उगाच जुळवलेलं नव्हतं हां. मायर्सीन नावाचं एक सुगंधी तेल हॉप्समध्येही असतं आणि आंब्यातही. “आणि अगदी शेवटी गवती चहा. उकळलेला नाही, नुसता हातात चुरगळलेला.”

बराच वेळ शांतता. मला वाटलं कॉल अडकला.

मग म्हणाला, “तोरिंजन सोलताना डोळ्यात उडायचं. आई ओरडायची. डोळे चुरचुरायचे ते आठवतंय मला. वास नाही आठवत.”

मग म्हणाला, “तुला माहितीय, मला सगळ्यात जास्त भीती कसली वाटते? वास येत नाही याची सवय झाली. पण वास कसा होता तेच विसरत चाललोय.”

तीन वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. आणि मी त्याला दर शनिवारी ‘काय मस्त पिझ्झा आहे रे’ सांगत होतो.

मग पुढे

वास गेलेल्यांसाठी एक सराव आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येकाचा काही सेकंद वास घ्यायचा, आठवडेच्या आठवडे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बऱ्याच जणांना थोडा येतो. आपल्या घरात या चारही गोष्टी सापडतील. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून करायला सांगा.

त्याला डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. त्याने दोन महिने केलं आणि कंटाळून सोडलं. आता आम्ही ते शनिवारच्या कॉलवर करतो. म्हणजे तो रोज करतो, शनिवारी मी सोबत असतो. तो इकडे लवंगेची डबी उघडतो, मी तिकडे उघडतो, आणि मी सांगतो मला काय येतंय. दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण. तो म्हणतो, “काही नाही”, किंवा “काहीतरी आहे”. याने फरक पडतो का? शास्त्राने सिद्ध वगैरे मी काही म्हणत नाही. त्याला करावंसं वाटतं, एवढं खरं.

गणपतीत तो गावी गेला होता. तिथून एक व्हॉइस नोट आली. मागे झांजा वाजतायत, कोणीतरी कोणाला तरी हाका मारतंय. आणि हा म्हणतोय, “ऐक. तोरिंजन घेतलं, नखाने ओरबाडलं. वास आला असं नाही म्हणणार. पण रबर नाही आलं. काहीतरी स्वच्छ होतं. आणि डोळ्यात उडालं.”

मी ती नोट किती वेळा ऐकली ते सांगत नाही.

तर मंडळी

यातून मी एवढंच शिकलो. चवीचं वर्णन आपण स्वतःची हुशारी दाखवायला करत नाही, ते कोणालातरी पोचवायला करतो. म्हणून समोर कोण आहे ते आधी बघायचं. त्याच्या परसात पाईन असेल तर पाईन म्हणा, खुशाल म्हणा. तोरिंजन असेल तर तोरिंजन. सोलापूरच्या मित्राला मी पेजेऐवजी आंबिल म्हणेन. दोघांनी मिळून खाल्लेलं काहीतरी असतंच, तिथून सुरू करायचं. आणि जे खरंच जाणवलं नाही, ते फळ्यावर लिहिलंय म्हणून म्हणायचं नाही. माझ्या वहीत आजही मिरीपुढे प्रश्नचिन्ह आहे.

हां, आणि पाचवा नियम मी पाळला. सगळं सांगून झाल्यावर, शेवटच्या वाक्यात म्हटलं, मस्त आहे. तो म्हणाला, “आता पटलं.”

या आठवड्याचा गृहपाठ. बिअर नको. उद्या सकाळचा तुमचा चहा घ्या. तो घोट कसा आहे हे एका माणसाला सांगा, ज्याने तो प्यायलेला नाही. ‘मस्त’, ‘कडक’, ‘एक नंबर’ हे शब्द न वापरता. तीस सेकंदांची व्हॉइस नोट करा आणि त्यालाच पाठवा. मला नाही पाठवली तरी चालेल.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत नाक सांभाळा.